टायर बदलला, क्राऊन बदलला, पण मीटर?

कापडाच्या धंद्यातील कोणत्याही माणसाला गज आणि मीटर यांतला फरक सांगावा लागत नाही. गज ९१.४४ सेंटिमीटरचा, मीटर १०० सेंटिमीटरचा. मीटरचा भाव घेऊन गजाने कापड मोजून दिले तर शंभर मीटरमागे गिऱ्हाइकाला साडेआठ मीटर कापड कमी मिळते. १ ऑक्टोबर १९५८ पासून आपल्या देशात दशमान पद्धतीची मापे टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि गज मागे पडला. आज दुकानातल्या लोखंडी मीटरवर वजनमापे खात्याचा शिक्का असावा लागतो. तो नसेल तर निरीक्षक जाब विचारतो, आणि विचारलाच पाहिजे.

परंतु ज्या ट्रकमधून हे कापड येते, त्या ट्रकमध्येही एक माप बसवलेले असते. ड्रायव्हरच्या समोरचे स्पीडोमीटर आणि त्यातच किलोमीटर मोजणारे आकडे. भाडे, डिझेल, ऑइल, ड्रायव्हरचा भत्ता, एवढेच काय रस्त्यावरच्या लोकांचा जीवही या मापावर अवलंबून असतो. तरीही मोठा टायर चढवला, जुन्या गाडीचे क्राऊन-पिनियन बदलले, की हे माप चुकते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. ही चूक कधी कधी गज-मीटरच्या फरकापेक्षाही मोठी असते.

नागपूर हे वाहतुकीचे शहर आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ (जुना क्रमांक ७) आणि सुरतेहून कोलकात्याच्या दिशेने जाणारा महामार्ग ५३ (जुना ६) इथेच एकमेकांना भेटतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. तेव्हापासून नागपूर ते भिवंडी तालुक्यातील आमणे असा ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता मिळाला आहे. भिवंडीच्या गाठी इतवारी आणि गांधीबागेत येण्याला आता पूर्वीइतका वेळ लागत नाही. आपल्या वाचकांपैकी कोणी ट्रकमालक आहे, कोणी टेम्पो बाळगून आहे, कोणी मिस्त्रीकाम करतो, तर कोणी माझ्यासारखा फक्त भाडे देणारा व्यापारी आहे. म्हणून हा विषय सर्वांच्याच उपयोगाचा आहे.

मीटर चालते कसे?

बहुतेक जुन्या ट्रकांत गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, म्हणजे जिथून जॉइंट शाफ्ट निघतो तिथे, एक लहान गिअर बसवलेला असतो. त्याच्याशी दुसरा बारीक दात्यांचा पिनियन जोडलेला असतो. शाफ्ट फिरला की हा पिनियन फिरतो. त्याला जोडलेली मीटरची केबल डॅशबोर्डपर्यंत जाते. तिथे केबल एक लोहचुंबक फिरवते, चुंबकाच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळते आणि तिच्यावरचा काटा वेग दाखवतो. जर्मनीच्या ओटो शुल्झे याने १९०२ साली या रचनेचे पेटंट घेतले. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत. ते त्याच केबलवरून, बारीक दात्यांच्या साखळीने थेट पुढे सरकतात.

नव्या गाड्यांत केबल नसते. गिअरबॉक्सवर सेन्सर असतो. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यामागे तो ठरावीक विजेचे ठोके म्हणजे पल्स पाठवतो आणि मीटरमधला संगणक ते मोजून वेग व अंतर काढतो.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखीच आहे. मीटर रस्ता मोजत नाही, ते शाफ्टचे फेरे मोजते. अमुक इतके फेरे म्हणजे एक किलोमीटर, हा हिशेब कंपनीने मूळ टायर आणि मूळ क्राऊन धरून बसवलेला असतो. त्यांपैकी एक जरी बदलला तरी मीटर जुन्याच हिशेबाने चालत राहते. मीटर बिघडलेले नसते. त्याला बदल कळलेला नसतो, एवढेच.

यावरून एक गैरसमजही दूर होतो. गिअरबॉक्सच्या आतला दुसरा किंवा तिसरा गिअर बदलल्याने मीटर चुकत नाही, कारण मोजणी गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर होते. संपूर्ण गिअरबॉक्स दुसऱ्या मॉडेलचा बसवला, तर मात्र त्यावरचा मीटरचा गिअर वेगळ्या दात्यांचा असू शकतो. तसेच पुढच्या चाकांचे टायर बदलल्याने अशा मीटरवर परिणाम होत नाही. हिशेब मागच्या, म्हणजे ओढणाऱ्या चाकांचा आहे.

टायरचा हिशेब

१०.००-२० मापाच्या नव्या टायरची उंची (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत) सुमारे १०५२ मिलिमीटर असते. ९.००-२० ची सुमारे १०१८ आणि ११.००-२० ची सुमारे १०८२. कंपनीनुसार थोडा फरक पडतो. आता १०.०० च्या जागी ११.०० चढवला तर चाक एका फेऱ्यात जवळपास ३ टक्के जास्त रस्ता कापते. मीटर ६० दाखवत असताना गाडी ६२ ने चालते. उलट ९.०० चढवला तर गाडी कमी चालते आणि मीटर ३ टक्क्यांहून थोडे जास्त दाखवते.

लहान टेम्पोत हा फरक आणखी मोठा असतो. जास्त माल सोसावा म्हणून ७.५०-१६ च्या जागी ८.२५-१६ चढवला, तर उंचीत सुमारे ५ ते ६ टक्के फरक पडतो. नायलॉनचे १०.००-२० काढून ट्यूबलेस २९५/८०-२२.५ बसवणाऱ्यांना मात्र फार काळजी नको, कारण त्यांची उंची १०४४ च्या आसपास असते आणि फरक एका टक्क्याच्या आतच राहतो. म्हणजे नाव आणि नंबर वेगळा दिसला म्हणून घाबरू नये आणि नंबर जवळचा दिसला म्हणून बेफिकीर राहू नये. मोजून पाहावे.

एकच टायर घासत गेला तरी फरक पडतो, हे पुष्कळांना माहीत नसते. नव्या टायरची नक्षी १५ मिलिमीटर खोल असेल आणि घासून ३ उरली, तर टायरची उंची दोन्ही बाजू मिळून २४ मिलिमीटरने कमी झाली. म्हणजे सुमारे सव्वादोन टक्के. घासलेल्या टायरवर मीटर जास्त किलोमीटर दाखवते आणि नवा किंवा रबर चढवलेला टायर बसवताच तीच गाडी त्याच रस्त्यावर कमी किलोमीटर दाखवू लागते.

क्राऊन-पिनियन बदलल्यावर

टायरपेक्षा क्राऊनचा फरक फार मोठा असतो. समजा मूळ गाडीत क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे ६ दाते आहेत. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्टला ६.८३ फेरे घ्यावे लागतात. मालकाने सपाट महामार्गावर गाडी मोकळी पळावी आणि डिझेल वाचावे म्हणून ४१ आणि ७ दात्यांची जोडी बसवली. आता शाफ्टचे फेरे ५.८६ झाले. चाक तेवढेच चालले, पण शाफ्ट सातात एक हिस्सा कमी फिरला. मीटर शाफ्ट मोजते, म्हणून तेही सातात एक हिस्सा कमी दाखवते. खरा वेग ७० असताना काटा ६० वर. खरे ७०० किलोमीटर झाले तर मीटरमध्ये ६००. ही चूक १४ टक्क्यांहून जास्त आहे.

नुकसान कोणाचे होते?

पहिला फटका ड्रायव्हरला बसतो. वरचीच गाडी घ्या. खरे १००० किलोमीटर चालली आणि २५० लिटर डिझेल लागले. ॲव्हरेज ४ चे आले. पण मीटरवर ८५७ च किलोमीटर दिसतात, म्हणून मालकाच्या वहीत ॲव्हरेज ३.४३ निघते. क्राऊन बदलला तो ॲव्हरेज वाढावे म्हणून, आणि वहीत तर उतरले! मालकाला शक येतो की ड्रायव्हर वाटेत डिझेल विकतो. पगारातून पैसे कापले जातात, बोलाचाली होते, वर्षानुवर्षांचा माणूस काम सोडून जातो आणि अड्ड्यावर त्याची बदनामी होते. त्या बिचाऱ्याने एक थेंबही विकलेला नसतो. चोरीचा आळ मीटरवर घ्यायला हवा होता, तो माणसावर गेला. किलोमीटरवर भत्ता असेल तर त्याला दुहेरी मार बसतो, कारण हजार किलोमीटर चालवून ८५७ चे पैसे हाती येतात.

दुसरा फटका भाडे देणाऱ्याला. किलोमीटरच्या दराने गाडी ठरवली आणि तिला मूळ मापापेक्षा लहान टायर असतील, तर ७०१ किलोमीटरच्या रस्त्याला मीटर ७२४ दाखवते. समजा दर ४० रुपये आहे. एका खेपेला ९२० रुपये विनाकारण गेले. महिन्याला चार वेळा जाणे-येणे असेल तर ७,३६० रुपये. बिल्टीवर सर्व काही बरोबर असते, कोणी खोटे लिहिलेले नसते, तरी पैसे जातात. मोठ्या टायरच्या गाडीत याच्या उलट गाडीमालकाचे बुडतात.

तिसरा फटका गाडीला. कंपनीने २०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगितले असेल, तर १४ टक्के कमी दाखवणाऱ्या मीटरवर ते २३,००० च्या पुढे बदलले जाते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यालाही गाडी खरी किती चालली ते कळत नाही.

चौथा फटका सर्वांत गंभीर आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेल्या मर्यादेनुसार मालवाहू गाडीला द्रुतगती मार्गावर आणि चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर, तर शहराच्या हद्दीत ६० किलोमीटर वेग आहे. काटा ८० वर ठेवून चालवणारा ड्रायव्हर स्वतःला कायद्यात समजतो, पण क्राऊन बदललेल्या त्या गाडीचा खरा वेग ९३ असतो. कॅमेरा खरा वेग टिपतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये जड वाहनाला पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. दंड भरता येतो. परंतु ६० ऐवजी ७० ने जाणाऱ्या भरल्या ट्रकच्या अंगात एक तृतीयांशाहून जास्त जोर असतो, आणि तेवढा जोर ब्रेकला जिरवावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटवर टायरलाही हा वाढीव वेग सोसत नाही.

१ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या मालवाहू गाड्यांना वेग नियंत्रक म्हणजे स्पीड गव्हर्नर सक्तीचा आहे. साधारण मालवाहू गाडीला ८० ची, तर टँकर व डंपरला ६० ची मर्यादा आहे. गव्हर्नरला वेगाची खबर त्याच सेन्सरकडून मिळत असेल, तर चुकलेल्या हिशेबावर तो ८० समजून गाडीला ९३ पर्यंत जाऊ देतो. सील शाबूत, कागद शाबूत, आणि वेग मात्र बेकायदा.

तपासावे कसे?

याला कोणतेही यंत्र लागत नाही. प्रथम किलोमीटर तपासावे. महामार्गावर जिथे किलोमीटरचे दगड किंवा पाट्या सलग आहेत असा २० किलोमीटरचा तुकडा निवडावा. बायपासमुळे आकडे तुटलेले असतील तो भाग टाळावा. पहिल्या दगडाशी मीटरचा आकडा दशांशासह लिहावा आणि विसाव्या किलोमीटरला पुन्हा लिहावा. मीटरवर २०.६ निघाले तर मीटर ३ टक्के जास्त दाखवते. १७.१ निघाले तर १४ टक्क्यांहून जास्त कमी दाखवते. अंतर जितके लांब घ्याल तितका हिशेब पक्का.

नंतर काटा तपासावा. रस्ता मोकळा असताना काटा ६० वर स्थिर ठेवावा आणि शेजारी बसलेल्या माणसाने घड्याळ लावावे. १० किलोमीटरला बरोबर १० मिनिटे लागली पाहिजेत. साडेआठ मिनिटे लागली तर खरा वेग ७० च्या वर आहे. मोबाइलमधील जीपीएसवरही वेग पाहता येतो, पण तोही क्लीनरने पाहावा. ड्रायव्हरने नजर रस्त्यावरच ठेवावी.

दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या का करायच्या? कारण केबलच्या मीटरमध्ये आकडे दात्यांवर चालतात आणि काटा चुंबक व बारीक स्प्रिंगवर. दोन्ही सारख्या प्रमाणात चुकत असतील तर दोष टायर किंवा क्राऊनच्या हिशेबात आहे. आकडे बरोबर आणि काटाच चुकत असेल तर मीटरची स्प्रिंग किंवा चुंबक कमजोर आहे, ते मीटर दुरुस्तीवाल्याकडे द्यावे.

टायर बदलण्याआधीच फरक काढायचा असेल तर कापडवाल्याचा टेप पुरे. गाडीत नेहमीचा माल भरलेला आणि हवा बरोबर असावी. मागच्या चाकाला खडूने खूण करावी आणि सपाट जागेवर चाकाचे बरोबर दहा फेरे होईपर्यंत गाडी सरळ पुढे न्यावी. जमिनीवर कापलेले अंतर मोजून दहाने भागावे. हा चाकाचा खरा घेर. १०.००-२० ला तो साधारण ३ मीटर २० सेंटिमीटरच्या आसपास येतो. नवे टायर चढवल्यावर पुन्हा मोजावे. दोन घेरांचे जे प्रमाण, तेच मीटरच्या चुकीचे प्रमाण.

दुरुस्तीचा मार्ग

केबलच्या गाडीत गिअरबॉक्सवरचा मीटरचा पिनियन बदलावा लागतो. हिशेब सोपा आहे. जुन्या पिनियनचे दाते घ्या, त्यांना नव्या क्राऊनच्या प्रमाणाने गुणा आणि जुन्या प्रमाणाने भागा. आपल्या उदाहरणात २१ दात्यांचा पिनियन असेल तर २१ गुणिले ५.८६ भागिले ६.८३, म्हणजे १८ दाते. टायरही बदलला असेल तर आलेल्या आकड्याला जुन्या घेराने गुणून नव्या घेराने भागावे.

कधी उत्तर पूर्ण आकड्यात येत नाही. १७.४ आले तर काय करावे? १८ चा घेतला तर मीटर ३ टक्के कमी दाखवील, १७ चा घेतला तर दोन-अडीच टक्के जास्त. अशा वेळी १७ चा घ्यावा. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीही दाखवू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतही मानलेले आहे. मात्र उरलेला फरक वहीत लिहून ठेवावा आणि भाड्याच्या हिशेबातून वजा करावा. सुरक्षितता मीटरवर सांभाळावी आणि इमान वहीत. हव्या त्या दात्यांचा पिनियन मिळत नसेल, तर केबलच्या मध्ये बसणारी गिअरची छोटी डबी वापरता येते.

काही ठिकाणी मीटर उघडून काटाच थोडा पुढे-मागे बसवून देतात. ही दुरुस्ती नव्हे. असा काटा एखाद्याच वेगाला बरोबर दाखवतो, बाकी सर्व वेगांना चुकतो, आणि किलोमीटरचे आकडे तर होते तसेच चुकीचे राहतात.

सेन्सरच्या गाडीत दाते बदलत नाहीत, संगणकातला आकडा बदलतो. चाकाचा घेर आणि क्राऊनचे प्रमाण कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नोंदवून घ्यावे. गव्हर्नर वेगळा बसवलेला असेल तर तो त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच नव्याने जुळवून सील करून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. कंपनीच्या पुस्तिकेत जे टायर आणि जे क्राऊन त्या मॉडेलसाठी दिलेले आहेत, त्यांच्या बाहेर जाऊ नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही.

व्यवहारात काय पाळावे?

मिस्त्री बंधूंनी क्राऊन-पिनियन बदलताना मीटरच्या पिनियनचे दाते मोजणे हे कामाचाच भाग समजावे आणि बिलावर जुने-नवे दाते लिहून द्यावेत. टायरचे काम करणाऱ्यांनी वेगळे माप चढवताना गिऱ्हाइकाला फरक तोंडी तरी सांगावा. यात खर्च काहीच नाही आणि दुकानाचे नाव होते.

गाडीमालकांनी डिझेलची वही सुरू करताना पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात: टायरचे माप, क्राऊनचे दाते आणि २० किलोमीटरच्या तपासणीचा निकाल. टायर बदलला की तपासणी पुन्हा. ॲव्हरेज अचानक उतरले तर ड्रायव्हरला बोलावण्याआधी हे पान उघडावे.

व्यापाऱ्यांनी लांबच्या, ठरलेल्या रस्त्याचे भाडे शक्यतो रस्त्याच्या अंतरावर किंवा टनावर ठरवावे. मीटरवर ठरवायचे असेल तर तपासलेल्या मीटरवर ठरवावे. ड्रायव्हर बंधूंनीही भत्ता मीटरवर असेल तर तपासणी मागण्यात संकोच करू नये. तो त्यांचा हक्क आहे.

वीस किलोमीटरचा रस्ता, एक घड्याळ आणि कागदाचा तुकडा, एवढ्यात हे काम होते. ज्या मापावर आपण दुसऱ्याचा पैसा कापतो, ते माप आधी पारखून घेणे हे दुकानात जितके जरुरीचे, तितकेच ट्रकमध्येही.